डबे तुमचे, रंग ह्यांचा

३ नोव्हेंबर

भावोजी,

वर 'सप्रेम' लिहायची रीत मला ठाऊक आहे, पण हात वळला नाही.

तुमचं पत्र पोचलं. चार ओळी ह्यांच्या आठवणीच्या आणि पाचव्या ओळीला डबे. तुमच्या क्लबच्या प्रदर्शनात यंदा ह्यांच्या नावाची पाटी लावायची आणि तिच्याखाली त्या टीचभर खेळण्यातल्या आगगाडीचे सातही डबे मांडायचे, 'तरी माझे डबे पाठवून द्यावेत, वहिनी.' माझे. बाकी सगळे शब्द तुम्ही जपून टाकलेत, हा एक तेवढा हातातून सुटला.

ती पाटी रंगवणार कोण, तेवढं कळवा. ह्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या दुकानांवरच्या पाट्या रंगवल्या. शिंपी, चष्मेवाला, दाताचा डॉक्टर, सगळ्यांची नावं ह्यांच्या हातची. स्वतःच्या नावाची पाटी कधी लावली नाही. ती आता तुम्ही लावणार, आणि तीही बहुधा मशीनवर छापून.

आजारपणात तुम्ही एकदाही आला नाहीत. कप दोन्ही हातांनी धरला तरी चहा बशीत सांडायचा. मग गिळता येईना, मग बोलता येईना. दार वाजलं की मान दाराकडे वळायची. दूधवाला असायचा, नाहीतर शेजारीण. गेले तेव्हाही तुम्ही नव्हता. आता मात्र डब्यांची आठवण झाली.

असो. डबे तुमचेच आहेत, मी नाही म्हणत नाही. फिरतीच्या नोकरीत तुम्ही कुठून कुठून खोकी आणायचात, आत नुसते प्लॅस्टिकचे सुटे भाग. हे गॅलरीतल्या टेबलावर बसून ते जोडायचे आणि रंगवायचे. तुम्ही दोघेच म्हणायचात, 'डबे बोट्याचे, रंग दादाचा.' बोट्या हे नाव ह्यांनीच ठेवलेलं. ओला रंग दिसला की वाळला का ते बघायला तुमचं बोट पुढे.

तेव्हा मीही तसंच वाटप करते. डबे तुमचे, ते तुम्हाला मिळतील. रंग ह्यांचा, तो मी काढून घेते.

आज गार्डाच्या डब्यापासून सुरुवात केली. फडताळात ह्यांची थिनरची बाटली होती. पसरट भांड्यात थिनर ओतला, डबा त्यात आडवा ठेवला आणि भाजी निवडायला बसले. परत येऊन बघते तर रंगाबरोबर डबाही निघाला होता. खिडक्या एकमेकींत मिसळल्या, छप्पर खाली बसलं. उचलायला गेले तर मेणात उमटावीत तशी माझी बोटं त्यात उमटली. तसाच वाळत ठेवलाय. तोही पाठवीन, तुमचाच आहे.

तुमच्या दादांची बायको

१६ नोव्हेंबर

भावोजी,

मला वाटलं होतं तुम्ही शिव्या घालाल, निदान वकिलाची भीती तरी. तुम्ही उलट टपाली पाठवलीत ती कृती. प्लॅस्टिकला थिनर लावायचा नाही, ते विरघळतं. रंग काढायचाच असेल तर ब्रेक ऑइलमध्ये दिवसभर बुडवून ठेवा, आधी खिडक्यांच्या काचा सोडवून घ्या, मग दात घासायच्या जुन्या मऊ ब्रशने हळूहळू घासा, शेवटी साबणाचं पाणी. आणि खाली दोनदा रेघ मारून, 'हातमोजे घालाच.'

घर जाळायला निघालेल्या बाईला वारा कुठून वाहतोय ते सांगणारे तुम्ही पहिलेच. डब्यांची एवढी माया. माणसांची यातली चार आणे असती तर बरं झालं असतं.

पण कृती बरोबर निघाली, हे मान्य करते. खालच्या गॅरेजवाल्याकडे ब्रेक ऑइल मागितलं तर तो म्हणाला, "काकू, गाडी कधी घेतलीत?" म्हटलं, "सात डब्यांची आहे, एक वितळला." त्याला वाटलं मी थट्टा करतेय. बाटलीवरचं बारीक अक्षर न् अक्षर वाचून काढलं. शाळा माझी चौथीतच सुटली. पुढचं वाचन मी ह्यांच्या पाट्यांवरून शिकले आणि मग वाचनालयातल्या बाईंनी पुस्तकांचा नाद लावला. तेव्हापासून छापलेलं काही असलं तर ते वाचल्याशिवाय सोडवत नाही.

पहिला डबा आज निघाला, तो तिसऱ्या वर्गाचा. ब्रश फिरवला की गडद लाल रंगाचा चिखल होऊन निघतो, आणि खाली राखाडी. ह्यांचा प्रायमर. तो मात्र सहजी सुटत नाही. पुन्हा बुडवावा लागतो, पुन्हा घासावा लागतो, तरी खिडक्यांच्या कोपऱ्यांत बसून राहतो. ह्यांचं तोंडपाठ वाक्य होतं, "प्रायमरशिवाय दिलेला रंग म्हणजे पाहुणा. कधी उठून जाईल सांगता येत नाही." दुकानाची पाटी असो की टीचभर डबा, आधी राखाडी हात, तो वाळेपर्यंत थांबायचं, मग रंग. तुम्हाला तेवढा धीर कधीच नव्हता. कोऱ्या प्लॅस्टिकवर थेट रंग फासायचात आणि ह्यांची बोलणी खायचात.

आता त्या दिवसाचं लिहिते, कारण तुम्ही त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

पाच वर्षांपूर्वीचं प्रदर्शन. सातही डबे ह्यांच्या नावाने मांडलेले. त्यातल्या डायनिंग कारला पहिलं बक्षीस मिळालं. मी तिला जेवणाचा डबा म्हणायचे आणि हे चिडायचे. तिच्या कमरेवरची सोनेरी रेघ केसाएवढी बारीक, या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठे जाड नाही, कुठे तुटली नाही. तुमच्या क्लबची एक पद्धत आहे. ज्याला बक्षीस मिळतं त्याने तिथेच, सगळ्यांसमोर, कोऱ्या डब्यावर एक रेघ ओढून दाखवायची, मगच बक्षीस हातात. माईकवाल्याने ह्यांचं नाव पुकारलं, टेबलावर कोरा डबा ठेवला, ब्रश पुढे केला. हे उठले. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, नवी साडी नेसून. आणि तुम्ही मधून पुढे झालात आणि माईकवर म्हणालात, "हा डबा दादाने नाही, मी रंगवलाय." ब्रश घेतलात, रेघ ओढलीत, टाळ्या घेतल्यात.

हे तसेच मागे फिरले. आम्ही घरी आलो. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "डबा माझा होता. त्याने चोरला." त्यानंतर तुमचं नाव या घरात निघालं नाही.

बक्षिसाचा पेला तुमच्याकडेच असेल. तो धुवायला माझी गरज नाही.

तुमच्या दादांची बायको

५ डिसेंबर

भावोजी,

पाच डबे पांढरे झाले. गॅलरीत ओळीने वाळत ठेवलेत, दातांच्या कवळीसारखे दिसतात. शेजारीण बघून म्हणाली, "अहो, इतकी वर्षं जपलेलं कशाला घालवता?" तिला काय सांगणार? तिच्या दिरांशी तिचं चांगलं आहे.

रोज दुपारी बसते. पत्र्याचं भांडं, ब्रेक ऑइल, टूथब्रश, खाचांसाठी टोकदार काडी. ह्यांच्याच खुर्चीत बसते, कारण टेबलाच्या उंचीला तीच जुळते. तिच्या उजव्या हाताखाली बारीक खाच पडली आहे. मनगट तिथे टेकवून हे रेघ ओढायचे. माझं मनगट त्या खाचेत बसत नाही. मी प्रयत्न करून पाहिला.

रंग काढताना कळलं की ह्यांनी आतूनही रंग दिला होता. जिथे कुणाची नजर जाणार नाही तिथेही. बाकांना हिरवा, दारांच्या आतल्या बाजूंना पिवळट. आधी त्याचं कौतुक वाटलं, मग राग आला. माझ्या स्वयंपाकघराची भिंत दहा वर्षं पोपडे धरून होती. "करतो" म्हणायचे. सुताराची खुर्ची मोडकी म्हणतात ते उगाच नाही.

तुमचं पत्र काल आलं. पूर्वीच्या पत्रांत तुम्ही विनवत नव्हता, या वेळी विनवलंत. 'बाकीच्यांचं काय करायचं ते करा, वहिनी. फक्त डायनिंग कार सोडा. तिला हात लावू नका.'

म्हणजे अजूनही तीच. ह्यांचे बाकीचे डबे धुतले गेले तरी चालतील, तुमच्या बक्षिसाला धक्का लागता कामा नये. चोराच्या मनात चांदणं असतं ते असं.

ती मी शेवटी ठेवली होती, कारण माझाही हात होईना. ह्यांनी रंगवलेला तो शेवटचा डबा. आमच्या समोर बांधकाम चाललं होतं आणि धूळ बसते म्हणून रोज संध्याकाळी तुमच्या घरी जाऊन तो एकच डबा ह्यांनी तिथे रंगवला. त्यानंतर ब्रश असा धरलाच नाही. मी समजले, तुम्ही मन मोडलंत म्हणून. आणि ते मोडलेलं मन मी पुढे अंथरुणावर उलटंपालटं करत बसले, कूस बदलून देत.

तुमच्या पत्राने माझं काम सोपं केलं. उद्या तीच बुडवते.

तुमच्या दादांची बायको

९ डिसेंबर

भावोजी,

हे पत्र लिहायला मी दोन दिवस लावले. कागद दोनदा फाडला.

डायनिंग कार मी आडवी ठेवली होती. भांड्यात तेल थोडंच उरलं होतं, त्यामुळे एकच बाजू बुडाली. दुसऱ्या दिवशी दुपारी काढली आणि टूथब्रश लावला. चिखल झाला नाही. रंगाची कड उचलली गेली. मी ती बोटांच्या चिमटीत धरून ओढली तर रंग सालीसारखा सुटून आला, अख्खी बाजू, सोनेरी रेघेसकट. खाली पांढरं स्वच्छ प्लॅस्टिक, नुकतंच खोक्यातून काढल्यासारखं.

राखाडी नाही. कुठेच नाही. कोपऱ्यात, खाचेत, दाराच्या फटीत, काडीने कोरून पाहिलं.

मला आधी वाटलं, घाईत राहिला असेल. पण ह्यांना घाई? चष्मेवाल्याच्या पाटीला उशीर झाला म्हणून तो दारात येऊन ओरडत होता, तरी ह्यांनी प्रायमर वाळेपर्यंत ब्रश उचलला नव्हता. ज्या माणसाने कुणाला न दिसणाऱ्या बाकाखालीही प्रायमर दिला, तो बक्षिसाच्या डब्याला विसरेल?

मग भिंग घेऊन दुसरी बाजू पाहिली, जी अजून रंगवलेली आहे. दारापाशी खाली, रंगात एक बोट उमटलंय. अर्धं. वाळायच्या आधी कुणीतरी टेकवून पाहिलेलं.

तो डबा तुम्ही रंगवलात.

हे ह्यांनी लपवलं, आणि मी पाच वर्षं एका चोरावर राग धरला, जो चोर नव्हता. आणि बघा गंमत. पुरावा मला मिळाला तो धुताना मिळाला, आणि मिळाला तेव्हाच धुतला गेला. मी गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. पांढऱ्या प्लॅस्टिकवर कुणाचंच नाव नसतं.

पण मला एक विचारायचंय आणि त्याचं खरं उत्तर हवं. ज्या वर्षी प्रदर्शन झालं त्या वर्षी हे दाढी करायला न्हाव्याकडे जाऊ लागले होते. म्हणाले, घरचं ब्लेड लागतं. चहा अर्धा कप मागू लागले, म्हणाले, पित्त होतं. पाट्यांचं काम सोडलं, म्हणाले, हल्ली सगळे स्टिकर लावतात, हाताने कोण रंगवून घेतं. डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं ते त्यानंतर दोन वर्षांनी, आणि मी धरून चालले की आजार तेव्हाच सुरू झाला.

भावोजी, ह्यांचा हात तेव्हापासूनच कापत होता का?

२१ डिसेंबर

भावोजी,

तुमचं पत्र मी एकदा वाचलं. एरवी मी कुठलंही छापील, लिहिलेलं दोनदा वाचते. हे दुसऱ्यांदा वाचवलं नाही.

तर हात आधीपासून कापत होता. तुम्हाला ठाऊक होतं, मला नव्हतं. डबे सहाच झाले होते आणि सातव्याची रेघ ह्यांच्याने ओढवेना, म्हणून रोज संध्याकाळी हे तुमच्या घरी येऊन खुर्चीत बसायचे, सांगायचे आणि तुम्ही ओढायचात. रेघ जमेपर्यंत पुसायला लावायचे. खालचा लाल मात्र तुम्ही हे यायच्या आधीच, प्रायमर न देता, फासून ठेवला होतात. वहिनीला कळता कामा नये, अशी शपथ घातली होती. धूळ बसते, असं मला सांगितलं होतं. आणि मी त्या महिनाभर संध्याकाळी ह्यांच्या शर्टाला रंगाचा डाग कसा पडत नाही, हेही पाहिलं नाही.

माईकवाल्याने ब्रश पुढे केला तेव्हा ह्यांनी तुमच्याकडे पाहिलं, असं तुम्ही लिहिलंय. मी मागून पाहत होते, मला फक्त पाठ दिसली. पेंटरचा हात कापतोय हे भर सभेत, बायकोसमोर, अर्ध्या गावाच्या गिऱ्हाइकांसमोर दिसलं असतं. तुम्ही पुढे झालात. खरं बोलून वाचवलंत. आणि दुसऱ्या दिवशी ह्यांनी तुम्हाला गाठून सांगितलं, "वाचवलंस रे, पण सगळ्यांसमोर वाचवलंस. आता तू समोर आलास की मला माझा हात दिसतो. येऊ नकोस."

तुम्ही ते ऐकलंत.

तुम्हाला वाटत असेल, वहिनीचा राग आता गेला. नाही गेला. लहानपणापासून ह्यांचं एक ऐकलं नाहीत तुम्ही. ओल्या रंगाला बोट लावू नको, ऐकलं नाही. प्रायमर दे, ऐकलं नाही. आणि नेमकं हेच ऐकायचं सुचलं? शेवटी ह्यांना बोलता येत नव्हतं, दार वाजलं की मान वळायची. आता मला कळतं कुणासाठी वळायची. तुम्ही शपथ पाळत बसलात आणि हे वाट पाहत बसले, आणि मधे मी, दोघांनी मिळून बाहेर ठेवलेली. मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? कप धरला असता. एवढंच ना? तो तर पुढे मी धरलाच.

आणि माझा हिशोब ऐका. ह्यांचा रंग तुम्हाला मिळू नये म्हणून मी पाच डबे घासले आणि एक वितळवला. ते सहाही खरोखर ह्यांच्या हातचे होते. शाबूत राहिली ती सातव्याची एक बाजू, आणि ती तुमची. नवऱ्याचा हात या घरातून मी माझ्या हातांनी धुवून काढला, हातमोजे घालून.

तुम्ही लिहिलंय की डबे नकोत, पाटीही नको, सगळं राहू द्या. राहू द्यायला आता काही राहिलेलं नाही. पांढरे डबे कपाटात ठेवून मी रोज त्यांच्याकडे बघायचं, ही शिक्षा मला नको आणि माफी तुम्हाला नको.

तुम्ही इथे या. टेबल जागेवर आहे, खुर्चीही. रंगांच्या बाटल्या मी उघडून पाहिल्या, लाल अजून पातळ आहे, सोनेरी तळाशी बसलाय पण ढवळला तर येईल. प्रायमरचा मात्र दगड झालाय, तेवढा येताना घेऊन या. सहाही डबे रंगवायचे, डायनिंग कारची सोललेली बाजूसुद्धा. वितळलेला तसाच राहू दे, तो माझा. मी शेजारी बसेन, आणि प्रायमर वाळायच्या आत बोट पुढे झालं तर त्यावर काडी मारीन. जेवायला थांबा म्हणायचं की नाही ते रंग वाळल्यावर ठरवू.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. त्या पाच डब्यांच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांत थोडा राखाडी अजून आहे. मी किती घासलं तरी निघाला नाही. तुम्हाला तो खरवडून साफ करावासा वाटेल. करायचा नाही. नवा हात त्याच्यावरून द्या.

तो ह्यांचा आहे.

वहिनी